उपकरणांवरचे तारे, सरकारचं धोरण आणि नागपूरचं वीजबिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की हे प्रश्न येऊ लागतात आणि जूनचं बिल हातात पडलं की त्यांचा पूर येतो. बहुतेकांना एवढंच हवं असतं की कोणता एसी घ्यावा. पण उत्तर देताना धोरणापर्यंत जावंच लागतं, कारण दुकानात काय मिळणार आणि त्यावर किती तारे असणार हे तिथेच ठरतं. एकाच मुद्द्याची पुनरावृत्ती नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे तारे देतं कोण? कंपनी स्वतःच चिकटवते का?

चिकटवते कंपनीच, पण तिच्या मनावर नाही. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, स्थापन झाला. हा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. तारांकनाची योजना मे २००६मध्ये सुरू झाली. तेव्हा ती ऐच्छिक होती. २०१०पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, खोलीचे एसी, ट्यूबलाइट आणि वितरण ट्रान्सफॉर्मर यांना ती सक्तीची झाली. छताचे पंखे बऱ्याच उशिरा, १ जानेवारी २०२३ला, सक्तीच्या यादीत आले. कंपनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मॉडेल तपासून घेते, बीईईकडे नोंदवते आणि मगच लेबल छापते. महाराष्ट्रात या कायद्याचं काम महाऊर्जा ही राज्य सरकारची संस्था पाहते.

२. लेबलवर इतकं काही लिहिलेलं असतं. नेमकं काय वाचायचं?

सीताबर्डीच्या कुठल्याही शोरूममध्ये एसीसमोर उभे राहा. वर अर्धगोलात तारे असतात, विक्रेत्याचं बोट तिथेच जातं. तुमची नजर त्याखाली जाऊ द्या. तिथे वर्षाला किती युनिट लागतील याचा आकडा असतो, आणि बारीक अक्षरात तो १६०० तासांच्या वापरावर काढल्याचं लिहिलेलं असतं. शेजारी थंड करण्याची क्षमता, आयएसईईआर नावाचा गुणांक (तेवढ्याच विजेत किती थंडावा मिळतो ते सांगणारा, जितका जास्त तितका चांगला), मॉडेल क्रमांक आणि लेबलचा कालावधी सापडेल. युनिटचा आकडा आणि कालावधी या दोन गोष्टी वहीत टिपून घ्या. कालावधी का, ते प्रश्न ५मध्ये आहे.

दोन मॉडेलांची तुलना करताना क्षमता सारखी आहे ना, हे आधी बघा. एक टन आणि दीड टनाच्या एसींचे वीजवापराचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. फ्रिजचंही तसंच. मोठ्या फ्रिजला पाच तारे असले तरी तो तीन तारेवाल्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो, कारण तारे आकारमान धरून दिले जातात.

३. माझ्या घरातल्या फ्रिजशी सरकारला काय देणंघेणं? बिल तर मीच भरतो.

बिल तुम्ही भरता, पण बिलात सगळा खर्च येत नाही. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत, खापरखेड्याला २१०चे चार आणि ५००चा एक. त्यांचा धूर आणि राख नागपूर जिल्ह्याच्याच वाट्याला येते. कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉट संचांचा प्रस्ताव आला तेव्हा शहरातून विरोध झाला, तो याच कारणाने. वीज जाळून वाया घालवणारी लाखो उपकरणं बाजारातून हटवली तर नव्या संचांची गरज तेवढी कमी होते किंवा पुढे ढकलली जाते.

दुसरं कारण मे महिन्यातल्या रात्री दिसतं. एकाच वेळी सगळ्या मोहल्ल्यातले एसी आणि कूलर चालू होतात, व्होल्टेज पडतं, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि लाइन जाते. शेजाऱ्याच्या वीजखाऊ एसीचा भार तुमच्या ट्रान्सफॉर्मरवरही येतो. म्हणून हा प्रश्न एकेकट्या ग्राहकाचा राहत नाही.

४. धोरण म्हणजे फक्त तारेच का? आणखी काय काय करता येतं?

तारे हा सगळ्यांत दिसणारा भाग आहे. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग तो नाही.

एक तारा मिळवण्यासाठीही किमान कार्यक्षमता लागते. तेवढीही नसलेलं उपकरण सक्तीच्या यादीत असेल तर विकताच येत नाही. हा उंबरठा दर काही वर्षांनी वर सरकवला की बाजारातला सगळ्यांत वाईट माल आपोआप बाहेर जातो. त्यासाठी ग्राहकाला काही वाचावं लागत नाही, समजून घ्यावं लागत नाही, जास्त पैसे साठवावे लागत नाहीत. घाईत, हप्त्यावर किंवा दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवून सगळ्यांत स्वस्त पंखा नेणाऱ्या घराला याचा फायदा होतो. पाच तारे परवडणारा माणूस तसाही सावध असतो. त्यामुळे सरकारने एकच गोष्ट नेटाने करावी असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन की हा खालचा उंबरठा वेळेवर वर करा, मुदतवाढी देऊ नका.

दुसरी वाट घाऊक खरेदीची. ५ जानेवारी २०१५ला सुरू झालेल्या उजाला योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी एलईडी बल्बची मागणी एकत्र केली. २०१४मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६पर्यंत ३८ रुपयांच्या खरेदीभावावर आला. योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. खरा फायदा मात्र योजनेबाहेर झाला: कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही एलईडी स्वस्त झाला आणि पिवळा बल्ब दिसेनासा झाला.

तिसरी वाट वीज कंपनीची. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१०मध्ये मागणी व्यवस्थापनाचे विनियम केले. त्यांच्या आधारे वितरण कंपनी स्वतः कार्यक्षम पंखे किंवा पंपांच्या योजना राबवू शकते, कारण विकत घ्यावी लागणारी महागडी वीज त्यातून वाचते. या वाटेने आपल्याकडे फार थोडं चालणं झालं आहे.

जपानने १९९८मध्ये वेगळीच पद्धत आणली. बाजारातलं सगळ्यांत चांगलं मॉडेल घ्यायचं, काही वर्षांत सगळ्यांची सरासरी तिथे पोचवायची. युरोपमध्ये लेबलवर 'ए प्लस प्लस प्लस' अशी अक्षरं वाढत गेली आणि काही कळेनासं झालं, तेव्हा मार्च २०२१पासून पुन्हा ए ते जी अशी साधी पट्टी आणली.

करांकडे मात्र आपलं लक्ष नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. तो एक तारा असलेल्या एसीला आणि पाच तारे असलेल्या एसीला सारखाच आहे. इथे फरक केला असता तर पाच तारेवाल्याची किंमत सामान्य घराच्या आवाक्यात आली असती.

५. २०२१मध्ये पाच स्टार म्हणून घेतलेला एसी पुढच्याच वर्षी चार स्टारचा कसा झाला? आमची फसवणूक झाली का?

नाही. तारे मोजायची पट्टी बदलली, एसी तोच आहे. बीईईच्या २०१८च्या तक्त्यात स्प्लिट एसीला पाच तारे मिळवायला आयएसईईआर ४.५० लागत होता. जुलै २०२२पासून ५.०० लागू लागला. त्यामुळे ४.६० गुणांक असलेलं तेच यंत्र आधी पाच तारे मिरवत होतं आणि नंतर चारवर आलं. ते पूर्वीइतकीच वीज घेतं.

सावध राहायचं ते सेल लागतो तेव्हा. तक्ता बदलायच्या आगेमागे जुन्या लेबलचा साठा खपवायची घाई असते. 'पाच स्टार, इतके हजार सूट' अशी पाटी दिसली तर लेबलचा कालावधी वाचा आणि ताऱ्यांऐवजी आयएसईईआरचा आकडा नव्या मॉडेलच्या आकड्याशी लावून बघा. सूट मोठी असेल तर जुन्या लेबलचा एसी घेण्यात काही वावगं नाही, फक्त आपण काय घेतोय ते ठाऊक असावं.

६. आपल्याकडे ४५ डिग्री असतं. दिल्लीत बसून काढलेला आकडा नागपुरात खरा ठरतो का?

पूर्ण खरा ठरत नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे.

आयएसईईआर काढताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांमध्ये धरतात. प्रत्येक अंशाला वर्षातले ठरावीक तास दिलेले आहेत, बेरीज १६००. हे तास देशातल्या वेगवेगळ्या शहरांचं हवामान एकत्र करून ठरवले आहेत आणि त्यांतले बहुतेक पस्तिशीच्या खालचे आहेत. प्रयोगशाळेतली मुख्य चाचणीही बाहेर ३५ अंश ठेवून होते. नागपुरात मे महिन्यात दुपारी दोनला पारा ४३च्या वर असणं हे रोजचंच. २३ मे २०१३ला तर तो ४७.९ अंशांपर्यंत गेला होता.

बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकी खोलीतली उष्णता बाहेर टाकणं कॉम्प्रेसरला जड जातं. तो जास्त वीज घेतो आणि थंडावा मात्र कमी देतो. त्यात आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा गच्चीवर पत्र्याखाली बसवलेलं असेल तर त्याच्याभोवतीची हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षाही गरम असते. म्हणून मे महिन्यात तुमचे युनिट लेबलच्या हिशोबापेक्षा जास्त येणार, हे गृहीत धरा.

लेबल त्यामुळे निकामी होत नाही. दोन एसींमध्ये कमी वीज कोणता घेईल, हा क्रम बहुतेक वेळा तसाच राहतो. बदलतो तो युनिटचा आकडा. खरेदी करताना विक्रेत्याला विचारा की बाहेर ४५ अंश असताना हा किती थंडावा देतो; काही कंपन्या तो आकडा माहितीपत्रकात देतात. आउटडोअर युनिटवर सावली असू द्या, पण त्याच्या तोंडासमोर भिंत किंवा ग्रिल येऊ देऊ नका.

धोरणात याला उत्तर आहे. ऑस्ट्रेलियाने २०२०पासून एसीच्या लेबलवर देशाचे तीन हवामान पट्टे दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक पट्ट्याला वेगळे तारे आणि वेगळा वीजवापर. आपल्याकडे मुंबईची दमट उष्णता आणि विदर्भाची कोरडी भट्टी एकाच आकड्यात कोंबली आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या ग्राहकाला त्याच्या हवामानाचा आकडा मिळायला हवा. तेवढा त्याचा हक्क आहे.

७. मग तीन स्टार घेऊ की पाच स्टार?

तास मोजा. जुलै २०२२च्या तक्त्यानुसार दीड टनाच्या तीन तारेवाल्या इन्व्हर्टर एसीच्या लेबलवर साधारण साडेनऊशे ते हजार युनिट दिसत, पाच तारेवाल्यावर साडेसातशेच्या आसपास. म्हणजे १६०० तासांमागे दोनशे-सव्वादोनशे युनिटचा फरक.

समजा एसी बेडरूममध्ये आहे आणि फक्त एप्रिल-मेमध्ये रात्री सात तास चालतो. ते झाले चारशेच्या वर थोडे तास. बचत पन्नास-साठ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला सहाशे रुपयेही वाचत नाहीत. किमतीतला फरक आठ-दहा हजारांचा असेल तर तो एसीच्या आयुष्यात भरून निघणं कठीण. इथे तीन तारे पुरेत, उरलेल्या पैशात घरातले सगळे पंखे बदला (प्रश्न १०).

धरमपेठेतलं क्लिनिक किंवा सदरमधलं ऑफिस मार्च ते ऑक्टोबर रोज नऊ तास एसी चालवतं, म्हणजे बावीसशेच्या आसपास तास. तिथे पाच ताऱ्यांखाली बघूच नका.

युनिटचा भाव धरताना एक गोष्ट सुटते. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याचा दर बराच जास्त आहे. बचत नेहमी वरच्या टोकातून होते. म्हणून बिलाची सरासरी न धरता तुम्ही ज्या शेवटच्या टप्प्यात पोचता त्याचा दर धरा. मे महिन्यात ५००च्या पुढे जाणाऱ्या घरात वाचलेलं प्रत्येक युनिट सगळ्यांत महागडं युनिट असतं.

८. नवा एसी चालू केला की आपोआप २४ वरच का येतो? सरकार आता तापमानही ठरवणार का?

१ जानेवारी २०२०पासून तारांकित एसी चालू होताना २४ अंशांवर यावा, असा नियम आहे. तुम्ही तो बदलू शकता. बीईईच्या हिशोबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. बहुतेक लोक जे आधीच लावलेलं असतं ते बदलत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीवर हा नियम उभा आहे आणि तो मला फार आवडतो: कुणावर जबरदस्ती नाही, कुणाचा एक पैसा जात नाही. जून २०२५मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी नव्या एसींना २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा विचार बोलून दाखवला होता. २४ वर ठेवून वर पंखा मंद लावला तर आपल्या कोरड्या हवेत झोप चांगली लागते.

९. आम्ही तर कूलरच वापरून राहिलो. त्याला तारे का नसतात?

तुमचा कूलर बहुधा लोखंडी आहे. बॉडी स्थानिक कारखान्यात वेल्ड झालेली, आत एक्झॉस्ट फॅन, छोटा पंप आणि तीन बाजूंना वुडवूल किंवा खस. असा कूलर दहा ठिकाणचे सुटे भाग जोडून उभा राहतो. लेबलचा कायदा नोंदणीकृत उत्पादकाला पकडतो. वस्तीतल्या वेल्डिंगवाल्यापर्यंत तो पोचत नाही, आणि त्याच्यावर प्रयोगशाळेचा खर्च लादणंही योग्य नाही. करता येण्यासारखं एवढंच की आत बसणाऱ्या मोटरीला आणि पंपाला किमान मानक लावावं. ते बनवणारे कारखाने मोजके असतात.

एरवी उन्हाळ्यातल्या नागपूरला कूलरइतकं कार्यक्षम दुसरं काही नाही. मोठा डेझर्ट कूलर पंपासह साधारण दोनशे वॉट घेतो, म्हणजे दहा तासांना दोन युनिट. दीड टनाचा एसी मेच्या दिवसांत तेवढ्याच वेळात दहाच्या पुढे जातो. हवा कोरडी असेपर्यंतच हे खरं आहे. मृग बरसला की कूलर नुसता ओलावा फेकतो. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर मे महिन्यातही तेच होईल. दरवर्षी वुडवूल बदला आणि मोटर घेताना ती किती वॉटची हे विचारा. किती फुटांवर वारा फेकते एवढंच सांगणाऱ्या दुकानदारावर विसंबू नका.

१०. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा खरंच परवडतो का? दुप्पट महाग आहे.

या पानावरची सगळ्यांत सोपी बचत हीच आहे. जुना साधा पंखा फुल स्पीडवर सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी ३०च्या आसपास. आपल्याकडे पंखा फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतो तो दिवाळीपर्यंत थांबत नाही. रोज १५ तास आणि २७० दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला १८० युनिट वाचतात. दहा रुपयांच्या भावाने ते अठराशे रुपये झाले. किमतीतला फरक एका वर्षात निघतो. शिवाय लाइन गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जास्त वेळ टिकते.

दोन सूचना. त्याला जुना रेग्युलेटर जोडू नका, थेट स्विचवर द्या. आणि पंखा निवडताना फक्त वॉट बघू नका. पंख्याचे तारे हे दर वॉटमागे किती हवा फेकली जाते यावर ठरतात, म्हणून हवेचा आकडाही वाचा. कमी वॉटचा पण मरगळलेला पंखा घेऊन उपयोग नाही. जिथे पंखा दिवसाला तासभर चालतो त्या देवघरात किंवा कोठीत साधा पंखाच राहू द्या.

११. पाच स्टार गीझर घेतला, बिल काही कमी झालं नाही. असं कसं?

कारण पाणी तापवायला लागणारी वीज सगळ्या गीझरांना जवळपास सारखीच लागते. साठवणीच्या गीझरचे तारे टाकीतलं पाणी तापल्यावर किती उष्णता निसटते, एवढ्यावर दिले जातात. दिवसभर चालू असणाऱ्या हॉस्टेलमध्ये किंवा लॉजमध्ये हा फरक मोठा असतो. तुम्ही आंघोळीआधी वीस मिनिटं लावून बंद करत असाल तर टाकीतून निसटायला वेळच मिळत नाही. अशा घरात ताऱ्यांपेक्षा टाकीचा आकार कमी घेणं जास्त कामाचं. आणि नागपुरात गीझर लागतो तरी किती महिने?

१२. वीस वर्षं जुना फ्रिज ठणठणीत चालतो. तो टाकून नवा घ्यावा का?

आधी मोजा. प्लगमध्ये लावून युनिट दाखवणारं छोटं मीटर काही शे रुपयांत मिळतं. दोन-तीन दिवस लावून ठेवा. दिवसाला दीड-दोन युनिट येत असतील तर वर्षाला साडेपाचशे ते सव्वासातशे युनिट झाले. नव्या अडीचशे लिटरच्या फ्रिजच्या लेबलवर साधारण दोनशे ते अडीचशे दिसतात. एवढा फरक असेल तर बदला. दिवसाला एक युनिटच्या आत असेल तर राहू द्या, आधी दाराचं रबर बदलून बघा.

पण जुना कुठे जातो, हा धोरणातला अवघड भाग आहे. तो जुन्या वस्तूंच्या बाजारात जातो, तिथून स्वस्तात एखाद्या लहान घरात, आणि तिथे तीच वीज खात राहतो. ज्या कुटुंबाला बिल सगळ्यांत जड, त्याच्याच गळ्यात ते यंत्र पडतं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुनी उपकरणं परत घेऊन पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवा घेताना जुना द्यायचा असेल तर तो मोडीत निघणार की पुन्हा विकला जाणार, हे दुकानात स्पष्ट विचारा. सेकंडहँड घ्यायचाच असेल तर हेच मीटर लावून बघण्याचा आग्रह धरा.

१३. मी भाड्याने राहते. घरमालक युनिटला ठरावीक दर घेतात आणि पंखे, फ्रिज त्यांचेच जुने आहेत. मी काय करू?

उपकरण विकत घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, म्हणून चांगलं उपकरण घेण्यात कुणालाच रस राहत नाही. नंदनवन, मनीषनगर भागातल्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न सतत येतो. पंखा स्वतःचा लावा आणि खोली सोडताना काढून न्या. प्रश्न १०चा हिशोब बघता तो वर्षात वसूल होतो. फ्रिजचे मोजलेले युनिट (प्रश्न १२) मालकांना दाखवा. बरेच मालक आकडा पाहिल्यावर ऐकतात.

तारे आणि जाहिराती इथे काहीच करू शकत नाहीत, कारण भाडेकरू दुकानात गेलेलाच नसतो. त्याचं रक्षण करतो तो फक्त किमान मानकाचा उंबरठा. मालकाने अगदी स्वस्तातला पंखा आणला तरी तो बरा असणार, याची हमी तेवढीच.

१४. छतावर सोलर लावलं, बिल शून्य आलं. आता स्टार कशाला बघायचे?

छतावरच्या सोलरमध्ये नागपूर राज्यात आघाडीवर आहे आणि सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपासून पुढे ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणून हा प्रश्न वाढला आहे. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा. उपकरणं कार्यक्षम असतील तर पाच किलोवॉटऐवजी तीन पुरतात, आणि अनुदान तीनवरच थांबत असल्यामुळे पुढचा प्रत्येक किलोवॉट पूर्ण तुमच्या खिशातून जातो. आधी पंखे आणि फ्रिज बदला, मग सोलरची क्षमता ठरवा. उलट क्रमाने केलेलं काम महाग पडतं.

आणि रात्री बाराला चालणारा एसी सोलरवर चालत नाही. नेट मीटरिंगमध्ये दिवसाचे युनिट वळते होतात हा हिशोबाचा भाग. त्या क्षणाची वीज कोराडीकडूनच येते.

१५. हिंगण्याला छोटं युनिट आहे. जळालेली मोटर रिवाइंड करावी की नवी घ्यावी?

२०१७च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने बाजारात येणाऱ्या नव्या मोटरींना किमान आयई-२ दर्जा (आयई ही मोटरीच्या कार्यक्षमतेची श्रेणी, आकडा मोठा तितकी मोटर चांगली) बंधनकारक केला. जुन्या मोटरींवर मात्र कुणाचा अंकुश नाही, आणि त्या रिवाइंड होऊन वर्षानुवर्षं चालतात. जुनी तार काढायला मोटरीचा गाभा तापवतात. तापमान जास्त गेलं की पत्र्यांवरचं इन्सुलेशन खराब होतं आणि मोटर फिरते तशीच पण गरम जास्त होते. ती उष्णता म्हणजे तुमची वीज.

हिशोब असा. दहा एचपीची मोटर, रोज १६ तास, वर्षाला ३०० दिवस, ८० टक्के भार. दोनदा रिवाइंड झालेल्या मोटरीची कार्यक्षमता ८४ टक्के धरली आणि नव्या आयई-३ची ९०, तर वर्षाला सव्वादोन हजारांच्या वर युनिट वाचतात. तुमच्या औद्योगिक दराने गुणा आणि नव्या मोटरीच्या किमतीशी ताडून बघा. दिवसाला दोन तासच चालणारी मोटर असेल तर खुशाल रिवाइंड करा, पण काम नीट तापमान सांभाळणाऱ्याकडून करून घ्या.

१६. शेतीपंपाचं बिल माफ आहे. मग स्टार असलेला पंप घेऊन काय फायदा?

पैशाचा फायदा जवळपास नाही, हे मान्य करायला हवं. मुख्यमंत्री बळीराजा योजनेत एप्रिल २०२४पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल शासन भरतं. शेतकऱ्यावरचा भार हलका झाला हे चांगलंच, पण त्यामुळे कार्यक्षम पंप विकत घ्यायचं कारण उरलं नाही.

तरी दोन फायदे राहतात. कार्यक्षम पंप कमी करंट ओढतो, त्यामुळे व्होल्टेज कमी असतानाही मोटर जळण्याची शक्यता घटते. आणि मर्यादित तास मिळणाऱ्या विजेत जास्त पाणी निघतं. कॅपॅसिटर लावला असेल तर डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भारही कमी होतो. काटोल, नरखेडच्या संत्रा पट्ट्यात मात्र 'जास्त पाणी' हे ऐकून थांबावं, कारण तिथला भूजलाचा उपसा आधीच फार आहे. ठिबकशिवाय नुसता चांगला पंप विहीर लवकर आटवेल.

बिल ज्याच्या खात्यातून जातं त्यानेच पंप बदलून द्यावा, हा यावरचा सरळ मार्ग आहे. बीईईचा पहिला प्रायोगिक प्रकल्प सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला याच विचाराने झाला होता. आता शासन बिल भरतं, तर वाचलेली वीज शासनाचीच वाचेल.

१७. आयएसआय आणि स्टार यांत फरक काय?

आयएसआय सुरक्षितता आणि दर्जासाठी, तारे विजेच्या वापरासाठी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. दोन्ही बघा.

१८. लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा उपकरण खूपच जास्त वीज घेतं असं वाटतं. तक्रार कुठे करायची?

आधी खात्री करा की फरक उष्णतेमुळे (प्रश्न ६) किंवा जास्त तासांमुळे नाही. मग बीईईच्या स्टार लेबल ॲपमध्ये मॉडेल क्रमांक टाका. मॉडेल सापडलंच नाही किंवा तारे वेगळे दिसले तर लेबलचा स्पष्ट फोटो, पावती आणि ॲपचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

बीईई स्वतः बाजारातून नमुने उचलून तपासते. नमुना नापास झाला तर दुप्पट नमुने घेऊन पुन्हा तपासणी होते. तेही नापास झाले तर कंपनीला तारे कमी करावे लागतात किंवा दोष काढावा लागतो, आणि बाजारातला माल परत घ्यावा लागतो. कायद्याखाली दंड दहा लाख रुपयांपर्यंत आहे. बाहेरून कुणी आक्षेप घेतला तरी तपासणी होऊ शकते, म्हणून पुराव्यासह बीईईला लिहा. तुमच्या पैशांच्या भरपाईसाठी मात्र रस्ता वेगळा आहे: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंद करा आणि तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. घरच्या मीटरवरून काढलेला अंदाज तिथे टिकत नाही. प्लगच्या मीटरवर निदान आठवडाभराची रोजची नोंद करा, त्यात बाहेरचं तापमान आणि लावलेले अंश लिहा, आणि मूळ लेबल उपकरणावरून काढू नका.